क्रुसाकडे जायचं की नाही? (अस्थिर काळ, श्रद्धा आणि आपला किनारा)

रहाटगाडगं | १८ मे २०२५, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी वसईचा, पश्चिमेच्या वाडीपट्ट्यातला. आमच्या आळीच्या तोंडाशी क्रूस आहे. मे महिना लागायच्या आधी त्याला चुना लागतो आणि रोज संध्याकाळी साडेसातला तिथे जपमाळ होते (माळेवर मोजत 'नमो मरिया' ही प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणायची). खाऱ्या वाऱ्यात मेणबत्ती टिकत नाही, म्हणून ती नारळाच्या करवंटीत बसवायची, ही पद्धत माझ्या लहानपणापासूनची. तासभर गुडघे मोडायचे, शेवटी मुलांना गोळ्या-बिस्किटं.

बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. तीन दिवस बेड शोधला, चौथ्या दिवशी मिळाला, सातव्या दिवशी फोन आला. फादरना आत सोडलं नाही, त्यामुळे आजाऱ्याला तेल लावायचा संस्कार झाला नाही. आयुष्यभर एक रविवार न चुकवलेला माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळून आला. दफनाला आम्ही पाच जण. फादरनी दहा फुटांवरून पवित्र पाणी शिंपडलं. त्यातलं निम्मं वाऱ्याने माझ्याच अंगावर आलं.

त्यानंतर मी देवाशी भांडलो नाही, नुसता बोलायचा थांबलो. नाताळला आईसाठी देवळात जातो आणि मागच्या बाकावर बसतो. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.)

आज दुपारी आई टीव्हीवर नव्या पोपची मिस्सा बघत होती. मध्येच म्हणाली, "यंदा तरी क्रुसाकडे ये." मी हो-नाही काहीच बोललो नाही. पहलगाम झालं, मग ते चार दिवस आभाळाकडे बघत काढले, भाऊ आखातात आहे, शेजारची वाडी बिल्डरकडे गेली, माझ्या कंपनीत दर महिन्याला कुणीतरी घरी जातंय. एवढं सगळं हलत असताना ती पंचवीस-तीस माणसं तिथे बसून तेच शब्द पन्नास-पन्नास वेळा कसे म्हणू शकतात, हे मला खरंच समजून घ्यायचंय. ढोंग आहे, सवय आहे, की आणखी काही? उपदेश नको. तुमचं काय झालं ते सांगा.

---

सरळसोट | १८ मे, रात्री ११:२०

सवय आहे. वाईट वाटून घेऊ नका. माणूस घाबरला की ओठ हलवतो. माझी आई रामरक्षा म्हणते, तुमची जपमाळ. तेवढ्याने नाडी शांत होते. त्यापलीकडे काही शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

---

जुनी_घंटा | १९ मे, सकाळी ७:०५

सरळसोट, सवय हा शब्द तुम्ही फार हलका करून वापरताय.

परवाच १६ मे होऊन गेला. १७३९ साली याच तारखेला वसईच्या किल्ल्यातल्या पोर्तुगीजांनी चिमाजी अप्पांपुढे शरणागतीचा करार केला आणि २३ मेला ते गलबतांत बसून निघून गेले. १५३४ पासून दोनशे वर्षं ज्यांचं राज्य, ते आठवड्याभरात नाहीसे. मराठेशाहीच्या इतिहासातला तो अभिमानाचा दिवस आहे, आणि मीही तो तसाच मानतो. पण त्या दिवशी आळीतल्या ख्रिस्ती कुटुंबाला काय वाटलं असेल, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवतो. राजा गेला, गोरे पाद्री गेले, मोठमोठ्या देवळांतल्या घंटा विजयाची खूण म्हणून हत्ती-गाड्यांवर घाटावर गेल्या. गोऱ्यांना गलबत होतं, यांना नव्हतं. यांची विहीर इथे, केळी इथे, पानवेल इथे.

मग राहिलं कोण? गोव्याहून येणारे मोजके देशी धर्मगुरू, आणि घरातल्या बाया. पुढच्या ऐंशी वर्षांत इंग्रज आले (१७८०), साल्बाईच्या तहाने पुन्हा मराठे आले, मग पुन्हा इंग्रज. त्यात भर म्हणून १७९४ पासून मुंबई बेटावर पोर्तुगालचा पाद्रवादो (राजाचा धर्मगुरू नेमायचा हक्क) आणि रोमची प्रोपागांडा (पोपचं धर्मप्रसार खातं) असे दोन धर्माधिकार समोरासमोर. कुणाचा बिशप खरा, यावरून सख्ख्या शेजाऱ्यांची तोंडं फिरली होती. अशा वेळी पाठ असलेली प्रार्थना हीच काय ती जागेवर राहिलेली वस्तू. तिला सवय म्हणा, माझी हरकत नाही.

अजून एक. आमच्या गास गावचं देऊळ ज्यांच्या नावाचं आहे ते संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. बाप पोर्तुगीज, आई इथली. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांतले एक. पुढे जपानने ख्रिस्ती धर्मावरच बंदी घातली. जवळजवळ अडीचशे वर्षं तिथे उघडपणे एकही पाद्री नव्हता. आणि १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीला परदेशी लोकांसाठी बांधलेल्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावचे काही शेतकरी आले. एक बाई पाद्र्याजवळ येऊन हळूच बोलली, की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. मग विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठाय? सात-आठ पिढ्या या लोकांनी चोरून बाप्तिस्मा दिला होता, प्रार्थना तोंडी जपल्या होत्या. झिजून झिजून त्यांतले लॅटिन-पोर्तुगीज शब्द ओळखू येईनासे झाले होते. ते चर्च ज्या २६ हुतात्म्यांच्या नावाने बांधलं, त्यांत एक वसईकर आहे, हे मी दर फेब्रुवारीत कुणाला ना कुणाला ऐकवतोच.

---

काट्याचा_फणस | १९ मे, सकाळी ९:४१

इतिहास अर्धाच सांगितलात. ज्यांनी ही प्रार्थना शिकवली त्यांनी इन्क्विझिशनही (धर्मन्यायालय) आणलं. ते का गाळलं?

---

जुनी_घंटा | १९ मे, सकाळी १०:१५

गाळायचं कारण नाही. १५६० ते १८१२, मधली १७७४ ते ७८ ही चार वर्षं वगळून, गोव्याचं इन्क्विझिशन चाललं आणि वसईतही त्याचा माणूस बसत असे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांच्या घरातल्या जुन्या चालीरीतींवर त्याचा डोळा असे. म्हणजे आमच्या पूर्वजांनी दोन्ही बाजूंची भीती पाहिली. धागाकर्त्याचा प्रश्न वेगळा आहे, हवं तर यावर दुसरा धागा काढा, मी येतो.

---

गोदाकाठ | १९ मे, दुपारी १:३०

मी नाशिकचा, ख्रिस्ती नाही. घंटांचा विषय निघालाच आहे म्हणून एक. नारोशंकराच्या देवळावरची मोठी घंटा वसईचीच, तिच्यावर १७२१ साल आहे. लहानपणी गोदावरीला पूर आला की आजोबा विचारायचे, "पाणी घंटेला लागलं का?" लागलं म्हणजे मोठा पूर. वाईजवळ मेणवलीलाही अशीच एक आहे, १७०७ ची, तिच्यावर बाळाला घेतलेली मरियामाता आहे. तिथले पुजारी बोट लावून दाखवतात. बाकी तुमचं चालू द्या, वाचतोय.

---

उधाणभांग | १९ मे, रात्री ९:१०

आम्ही डोलीवाले. डोल म्हणजे समुद्रात खुंट रोवून बांधलेलं पिशवीसारखं जाळं. पाणी धावलं तर मासळी आत येते. उधाणाला पाणी धावतं, भांगाला मंदावतं. भांगाच्या दिवसांत जाळं फुगत नाही, तेव्हा माणूस किनाऱ्यावर बसून ते शिवतो. रहाटगाडगं, तुमचा हा चार वर्षांचा भांग आहे असं मला वाटलं. असो, मला शब्दांत पकडू नका.

मी ११ नोव्हेंबर २००९ ची सांगतो, फयान वादळाची. इशारा उशिरा कळला. आम्ही नऊ जण. वायरलेसवर आधी ओरडाआरडा होता, मग नुसती खरखर. मी त्या वेळी प्रार्थना केली असं सांगायला मला आवडेल, पण मी बालदीने पाणी उपसत होतो. एवढीच हालचाल, वाका, भरा, फेका. तांडेल, म्हणजे माझे काका, सुकाणू धरून मोठ्याने जपमाळ म्हणत होते. भक्तीसाठी कमी आणि मोजायला जास्त! दहा नमो मरिया झाल्या की बालदीवरचा गडी बदलायचा. आमच्यात एक वारली खलाशी होता, तो त्याच्या हिरव्या देवाला हाक मारत होता. काकांनी त्याला गप्प केलं नाही. पहाटे बंदरात लागलो. सगळे लागले नाहीत. त्या वादळात कोकणातल्या किती घरांत माणूस परतलाच नाही ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यांच्याही बायका क्रुसापुढेच बसल्या होत्या. म्हणून 'प्रार्थना केली म्हणून वाचलो' असं मी कधी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर उठून जातो.

पण तेव्हापासून बायबलातलं एक पान मी नीट वाचतो. 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय २७. पौलाला कैदी म्हणून रोमला नेताहेत, तारू वादळात सापडतं, चौदा दिवस भरकटतं. आत २७६ माणसं. रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा वास लागतो. बुडीद टाकतात तर वीस वाव पाणी. थोडं पुढे पुन्हा टाकतात, पंधरा वाव. (माझ्या आजोबांकडे असाच दोरीला बांधलेला शिशाचा गोळा होता, आता स्क्रीनवर आकडा येतो.) खडकावर आपटू म्हणून ते चार नांगर टाकतात, आणि ते कुठून, तर मागच्या बाजूने! आम्ही नांगर नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून टाकतो. मी बरीच वर्षं समजत होतो की लिहिणाऱ्याला बोटीतलं काही कळत नसावं. मग एकदा लक्षात आलं. मागून धरलं की नाळ जमिनीकडे राहते. उजाडलं की दोर तोडून सरळ किनाऱ्यात घुसवता येतं. नाळेकडून टाकला असता तर तारू रात्रीत फिरलं असतं. हे लिहिणारा त्या तारवात होता, मी पैज लावतो.

त्यानंतरचं वाक्य असं, की नांगर टाकून ते उजाडायची वाट बघत बसले. चमत्कार नाही, वादळ थांबलं नाही. काही खलाशी लहान होडी घेऊन पळायला बघतात, तर शिपाई तिचे दोर कापतात. पहाटे पौल म्हणतो, अरे चौदा दिवस पोटात काही नाही, खाऊन घ्या. भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो, खातो. मग उरलेला गहू समुद्रात टाकून तारू हलकं करतात. तारू शेवटी फुटतंच, माणसं फळ्यांना धरून माल्टाच्या किनाऱ्याला लागतात.

क्रुसाकडे बसलेली माणसं मला या मधल्या रात्रीतली वाटतात.

आता अवांतर. वादळ एका रात्रीत जातं, वाढवण बंदर जाणार नाही. ७६,२०० कोटींचा प्रकल्प, गेल्या ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. डहाणूपासून इकडे आमच्यापर्यंत सगळ्या कोळीवाड्यांना एकच घोर आहे, पोरांनी बोट घ्यावी का? तिथे नुसती जपमाळ पुरत नाही, मोर्च्यातही चालावं लागतं. फादर दिब्रिटो वसईच्या झाडा-पाण्यासाठी पायातल्या चपलेसकट रस्त्यावर उतरले होते, ते मला त्यांच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापेक्षा मोठं वाटतं. गेल्या जुलैत गेले. माणूस हवा होता.

---

सरळसोट | १९ मे, रात्री ९:५८

बालदीची पाळी मोजायला जपमाळ, हे आवडलं. माझं मत कायम, पण हे आवडलं.

---

पडवी | २० मे, दुपारी ३:१२

मी सिंधुदुर्गातली, मालवणकडची. आमच्याकडे चर्चला इगर्ज म्हणतात आणि मे महिन्यात वाड्यावाड्यांतल्या क्रुसाकडे लादाईन (सुरात म्हणायची सामूहिक प्रार्थना) होते. घरात कोकणी, बाजारात मालवणी, शाळेत मराठी आणि लादाईनीत मधूनच लॅटिन, 'ओरा प्रो नोबीस'. आजीला त्यातलं अक्षर कळत नसे, पण सूर एक चुकत नसे. संपली की उकडलेले चणे. मुंबईकरांना त्यातला कधी एक वाडगा पुरला नाही.

२०२० च्या मे महिन्यात काहीच नव्हतं. मुंबईहून आलेली आमचीच माणसं गावच्या शाळेत चौदा दिवस, आणि त्यांच्याकडे गावाने असं बघायचं जसं काही ती रोगच घेऊन आलीत. ती आठवण वादळापेक्षा वाईट आहे. माझा सख्खा चुलतभाऊ खिडकीतून हात करायचा आणि मी लांबून जायचे. आजीने पहिल्या दिवशी पडवीत खुर्ची टाकली आणि एकटीनेच लादाईन सुरू केली, खणखणीत आवाजात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वईच्या (कुंपणाच्या) पलीकडून कुणीतरी साथ दिली. मग त्याच्या पलीकडून. आठवड्याभरात पाच घरं आपापल्या पडवीत, सूर मागेपुढे, अगदीच बेसूर. एके दिवशी आजीला बरं नव्हतं तर शेजारच्या हिंदू काकू वईशी येऊन विचारतात, "गो, आज तुमची लादाईन नाय?"

पुढच्या वर्षी १६ मेला तौक्ते आलं. आंबा भुईला, पोफळी मोडल्या, लाईट कितीतरी दिवस नाही. त्या वर्षी आजी नव्हती. आम्ही तिची खुर्ची टाकली, पण सुरुवात कुणी करायची हेच ठरेना. हसू नका, पण मोबाईलवर तिचा जुना आवाज होता, तो लावला. बॅटरी अकरा टक्के. वाटेतच बंद पडला. मग पुढचं म्हणावंच लागलं.

---

रविवारची_टीचर | २० मे, रात्री १०:३४

मी वीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण देते, पण इथे शिकवायला आलेले नाही. रहाटगाडगं, तुमच्या बाबांना तेलाचा संस्कार मिळाला नाही, ते तुम्हाला आतून सलतंय असं वाटलं. एक गोष्ट कदाचित तुमच्यापर्यंत पोचली नसेल, त्या धावपळीत कुणाकडेच पोचली नाही.

२० मार्च २०२० ला रोमहून एक फर्मान निघालं होतं. जे कोविडने मरणाच्या दारात आहेत आणि ज्यांच्यापर्यंत धर्मगुरू पोचू शकत नाही, त्यांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेच्या हवाली करते आणि मरणसमयीची पूर्ण दंडमाफी (पापाच्या उरलेल्या शिक्षेतून सूट) देते. एरवी तिला पापकबुली, कम्युनियन वगैरे तीन अटी असतात. त्या अटींची भरपाई ख्रिस्तसभा स्वतःच करेल, असं त्यात लिहिलंय. अपेक्षा एवढीच, की मनाची तयारी असावी आणि त्या माणसाने आयुष्यात काही ना काही प्रार्थना नेमाने म्हटलेली असावी.

तुमचे बाबा क्रुसाकडे बसायचे ना?

आठवडाभराने, २७ मार्चला, पोप फ्रान्सिस रिकाम्या चौकात पावसात एकटे उभे होते, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी वाचलेलं शुभवर्तमान मार्कच्या चौथ्या अध्यायातलं, वादळात येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय आणि शिष्य त्याला उठवून विचारतात, आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का? मी मुलांना नेहमी सांगते, हा प्रश्न बायबलात आहे. कुणी खोडला नाही. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी 'तरीही मी तुझी स्तुती करीन' सुद्धा नाही. तेही आपल्याच प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. बोलायचं थांबलात म्हणता, पण इथे एवढं लिहिलंत ते कुणाशी बोललात?

(शेवटचं वाक्य उपदेशासारखं झालं. राहू दे, सवय जात नाही.)

---

रहाटगाडगं | २१ मे, सकाळी ६:४०

टीचर, ते फर्मान मला माहीत नव्हतं. रात्री आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं, मग चष्मा पुसत आत गेली.

उधाणभांग, मागून टाकलेल्या नांगरांचं डोक्यातून जात नाहीये.

---

काट्याचा_फणस | २१ मे, सकाळी ११:०२

मी उगाच कडू बोललो त्या दिवशी. आमच्याकडे रायगडातल्या कोर्लईला कामानिमित्त जाणं होतं. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले, पण गावातली काही शे माणसं अजून घरात त्यांची मोडकी पोर्तुगीज बोलतात. राज्य गेलं, भाषा चुलीपाशी राहिली. हे तुमच्या विषयातच बसतं म्हणून लिहिलं.

---

रहाटगाडगं | २७ मे, रात्री ११:४८

अपडेट. आज गेलो.

पाऊस कालच मुंबईला लागला, इतक्या लवकर कधी लागल्याचं आईलाही आठवत नाही. क्रुसाचा चबुतरा चिखलात, म्हणून जपमाळ समोरच्या घरच्या पडवीत. मी सर्वांत मागे, चपलांच्या ढिगाशेजारी. मंगळवार, म्हणजे दुःखाची रहस्ये (येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग). आमच्या आळीत दशकं (एकेका प्रसंगाच्या दहा नमो मरिया) घरांना वाटून दिलेली आहेत, कोण कुठलं म्हणणार हे वर्षानुवर्षं ठरलेलं. बाबांचं चौथं. मी विसरलोच होतो.

तिसरं संपलं आणि सगळे गप्प. मला वाटलं कुणीतरी सुरू करेल. समोरच्या घरची मावशी मागे वळून म्हणाली, "तुझ्या बाबांचं कोणाला दिलं नाय आम्ही. पाळीपाळीने म्हणतो. आज तू हायस."

रहस्याचं नाव घेतलं, येशू क्रूस वाहून नेतो. 'आमच्या स्वर्गातील बापा' नीट झालं. मग नमो मरिया मोजायची तर हातात माळ नाही. बोटांवर मोजत गेलो. 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' इथे सहाव्या की सातव्या खेपेला आवाज बसला. बाकीच्यांनी वाक्य पुरं केलं, थांबले नाहीत, वळूनही बघितलं नाही. मी अकरा म्हटल्या असं शेजारच्या पोराचं म्हणणं आहे. त्याला शेवटची बिस्किटं मिळायला उशीर झाला, म्हणून तो चिडला होता.

श्रद्धा परत आली का, असं विचारू नका. उद्या परत जायचंय एवढंच. माळ शोधतोय, बाबांची कपाटात होती.

---

उधाणभांग | २८ मे, पहाटे ५:१५

बोटी यंदा लवकर वर घेतल्या, त्यामुळे मीही घरीच आहे. पडवी गळत असेल तर ताडपत्री देतो, दोन पडून आहेत.

---

सरळसोट | २८ मे, सकाळी ८:३०

अकरा मोजणारा पोरगा कितवीत आहे?